मास्तरांचा राहिलेला कट

१

ताईला ‘कट’ म्हणायची भारी घाई. रोजची मालिका करणारी बाई ती, एका दिवसात पानंच्या पानं उडवायची, मग करणार काय? नटाच्या तोंडात शेवटचा शब्द घोळतोय तोवर हिचा कट होऊन पुढच्या शॉटचे दिवे हलायला लागलेले असायचे. ताईच्या शॉटमध्ये शिंक आली तर ती पुढच्या शॉटमध्ये पूर्ण करावी लागते, अशी चेष्टा युनिटमध्ये चालायची. लहानथोर सगळेच तिला ताई म्हणायचे, तेव्हा आपणही ताईच म्हणू.

मास्तरांचं सगळं उलट. आधी शाळेत शिकवायचे म्हणून मास्तर, पण गेली कित्येक वर्षं सिनेमेच करत होते. ते कट म्हणायलाच मागत नसत. प्रसंग संपला, बोलणं संपलं, तरी कॅमेरा आपला चालूच. नट बिचारा आता काय करू म्हणून बसून राहायचा. आपण काम करतोय हे तो विसरेपर्यंत थांबायचं, असा मास्तरांचा हेका. मग कधीतरी हळूच, झोपलेल्या मुलावर पांघरूण घालावं तसं, ते ‘कट’ म्हणायचे.

त्यांची एक गोष्ट युनिटमध्ये अजून सांगतात. एका शॉटमध्ये शेवटी दार उघडून एक नट आत यायचा होता. पण मास्तरांना शॉट त्याच्या आधीच आवडला आणि त्यांनी कट म्हणून टाकलं. त्यांचा आवाज तो केवढासा! दारामागे काही ऐकू गेलं नाही. सगळे जेवायला गेले, हात धुऊन परत आले, तर हा पठ्ठ्या अजून दाराची मूठ धरून उभा! ताई तेव्हा मास्तरांकडे सहायक होती. तीच धावत गेली. ‘अहो, संपलं केव्हाच! घरी जा!’ तेव्हापासून नियमच झाला, की कट झाला की दारामागच्याला कोणीतरी जाऊन सांगायचं.

मास्तर गेले तेही शॉट चालू असतानाच. सिनेमाचा अगदी शेवटचा शॉट होता. म्हातारा घड्याळजी, घर सोडून गेलेल्या मुलाची वाट बघत टेबलापाशी बसलाय, समोर बंद दार. बस, एवढंच. दार उघडायचं नव्हतं, कोणी यायचं नव्हतं. मास्तरांनी ‘ॲक्शन’ म्हटलं आणि ते मॉनिटरसमोरच्या खुर्चीत मागे टेकले. शॉट लांबत गेला. मास्तरांचा शॉट लांबणारच, त्यामुळे कोणाला काही वावगं वाटलं नाही. शेवटी कॅमेरावाल्याचे पाय अवघडले, त्यानं मान वळवली, तर मास्तरांचा चष्मा एका कानावरून लोंबत होता. मग एकच धावपळ झाली. कॅमेरा कोणीतरी बंद केला. कट मात्र कोणीच म्हटलं नाही.

घड्याळजीचं काम ताईचे बाबा करत होते.

२

त्या दिवशी युनिटच्या गाडीनं बाबांना घरी आणून सोडलं. म्हणजे, सोडणाऱ्यांना तसं वाटलं.

‘माणूस आणून ठेवलाय,’ आई ताईला फोनवर म्हणाली. ‘पण हे काही आलेले नाहीत.’

ताई पोचली तेव्हा बाबा जेवणाच्या टेबलापाशी बसले होते. खुर्ची त्यांनी स्वतःच फिरवून बाहेरच्या दाराकडे केली होती. हात मांडीवर, मान किंचित कललेली. आईनं ताट पुढे केलं, तर म्हणाले, ‘बाई, तुम्ही कशाला त्रास घेता? मुलगा येऊ दे, मग बसू आम्ही बरोबरच.’

चहात साखर किती यावरून जिच्याशी उभा जन्म भांडले, तिला हे ‘बाई’ आणि ‘तुम्ही’. आई स्वयंपाकघरात गेली आणि नळ मोठा सोडून रडली.

डॉक्टर म्हणाले धक्का बसलाय, वय झालंय, वेळ द्या. वेळ दिला. बाबा दिवसभर तसेच बसायचे. रात्री हात धरून निजवलं तर निजायचे, सकाळी पुन्हा खुर्चीत. आईनं गयावया केली की चार घास तोंडात घ्यायचे, तेही पाहुण्यासारखे, संकोचून. बघता बघता गाल बसले. सदरा दुसऱ्याचा घातल्यासारखा दिसायला लागला. ताईला रोज घरी शिरताना धडकी भरायची, की आज आणखी किती उतरले असतील.

एकदा वैतागून ती त्यांच्यासमोर उभी राहिली आणि सेटवर ओरडते तशी ओरडली, ‘कट!’

बाबांनी मान थोडी बाजूला केली, एवढंच. ताईच्या अंगामुळे त्यांना दार दिसत नव्हतं.

‘तू म्हणून कसं चालेल?’ आई मागून म्हणाली. ‘शॉट काय तुझा आहे?’

आईनं ते कपाळावर हात मारावा तसं म्हटलं होतं. ताईच्या डोक्यातून मात्र ते वाक्य जाईना. निर्माते तेव्हा दारोदार फिरत होते. सिनेमा पूर्ण करायला कोणी दिग्दर्शक तयार नव्हता. दुसऱ्याचं उष्टं कोण खाणार? ताईला फोन लावायच्या आधी निर्मात्यांनी तिला पटवायला म्हणून काय काय तयारी केली होती. त्यातलं एक अक्षर बोलायच्या आत ती हो म्हणाली होती.

३

संकलकाला सगळे कात्री म्हणायचे. नाव धंद्यावरून पडलेलं, पण माणूसही तसाच, बारीक आणि टोकदार. त्याच्या खोलीला खिडकी नव्हती. भिंतींना जाड कापड लावलेलं, बाहेर जग बुडालं तरी आत पत्ता लागायचा नाही.

‘शेवटचाच शॉट बघायचा ना?’ तो म्हणाला. ‘बघा बाई. मी एकदा बघितला, मला पुरे.’

पडद्यावर बाबा. भरल्या गालांचे, हातात घड्याळ दुरुस्त करायचा चिमटा. मास्तरांचा आवाज आला, ‘ॲक्शन.’ मग शांतता. पुष्कळ वेळानं टप्प असा बारीक आवाज झाला. मास्तरांच्या हातातली पेन्सिल खाली पडली ती. ताईनं डोळे मिटून घेतले. तिच्या गुरूचं मरण एवढ्याशा आवाजात मावलं होतं, याचं तिला फार वाईट वाटलं.

डोळे उघडले तेव्हा तिला खिडकी दिसली. बाबांच्या मागे सेटची खिडकी होती, शॉटच्या सुरवातीला तिच्यातून पांढरं ऊन येत होतं. आता तिथं संध्याकाळ होत होती. पिवळट, मग तांबूस, आणि टेबलाच्या पायांशी सावल्या लांब होत चाललेल्या.

‘खिडकीमागे दिवा होता ना?’

‘दिवा आणि प्लायवूड. दुसरं काय असणार?’

‘मग ही संध्याकाळ कुठून आली?’

कात्रीनं खांदे उडवले. ‘दिवा तापला असेल. नाहीतर कोणाचा तरी हात लागला असेल बटणाला. त्या गडबडीत कोण बघतंय?’

पटण्यासारखं होतं. ताईनं पटवून घेतलंही. दिवे जातात, दिवे मंद होतात, तिच्या स्वतःच्या सेटवर रोज होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं तोच शॉट पुन्हा लावायला सांगितला. बाबा, चिमटा, पेन्सिलचा आवाज, संध्याकाळ. काल जिथं पडदा काळा झाला होता तिथं तो झाला नाही. बाबांनी चिमटा खाली ठेवला. चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला, आणि कान देऊन बसले.

‘काल हे नव्हतं,’ ताई म्हणाली.

कात्री नुसता बटणांशी चाळा करत राहिला. एरवी त्याच्या जिभेला हाड नव्हतं.

‘काल हे नव्हतं ना रे?’

‘काल आपण शेवटपर्यंत बघितला नसेल, ताई,’ तो म्हणाला. त्यानं तिच्याकडे न बघता कानावरचे हेडफोन काढून तिच्यापुढे सरकवले. ‘हे ऐका जरा. मला वाटतं मशीनमध्येच काहीतरी खरखर आहे.’

ताईनं हेडफोन लावले. सेटची शांतता होती. त्या शांततेच्या तळाशी, फार लांबून, लाकडावर बोटं वाजत होती. आधी सावकाश, मग थोडी भरभर, मग एका लयीत. स्टेशनातून निघालेली आगगाडी हळूहळू वेग घेते तशी.

दारावर असं वाजवणारा जगात एकच माणूस तिला माहीत होता.

४

ताईला एक थोरला भाऊ होता. दादा. बेल असताना बेल कधी वाजवायचा नाही, दारावर बोटांनी आगगाडी सोडायचा. आई आतून ओरडायची, ‘दार मोडशील मेल्या!’ कॉलेजात असताना साधा ताप आला म्हणून त्याला हॉस्पिटलात नेलं. संध्याकाळपर्यंत घरी सोडतो, असं सांगितलं होतं त्यांनी. बाबा जेवायचे थांबले होते त्याच्यासाठी. दादा घरी आलाच नाही.

त्याबद्दल घरात कोणी बोलत नसे. बाबा तर कधीच नाही.

‘आई, दादा दार कसं वाजवायचा ते कोणाला सांगितलं होतंस?’ ताईनं विचारलं.

आई कपड्यांच्या घड्या घालत होती. ‘मास्तरांना,’ ती लगेच म्हणाली. ‘शूटिंगच्या आधी येऊन बसले होते की. तुझ्या बाबांचं तोंड उघडेना, मग माझ्याशी बोलले. कसा होता, काय घालायचा, दार कसं वाजवायचा. मी सांगितलं. का नाही सांगणार? इतक्या वर्षांत कोणी विचारलंच नव्हतं मला.’

ताईला हायसं वाटलं. तर हे असं आहे! मास्तरांनी कोणालातरी दारामागे उभं केलं असणार, बाबांच्या चेहऱ्यावर खरी ओळख यावी म्हणून. वाईट चाल होती, पण मास्तर कामासाठी असं करू शकत होते. तिनं तिथल्या तिथं कॅमेरावाल्याला फोन लावला.

‘दारामागे? कोणी नव्हतं हो. मास्तरांनी आम्हा सगळ्यांना दाराच्या अलीकडे बसवलं होतं. शॉटच्या आधी ते तुमच्या बाबांच्या कानात काहीतरी बोलले तेवढं.’

ताईनं फोन ठेवला. बाबा खुर्चीत बसले होते. ती त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली.

‘काय सांगितलं तुम्हाला मास्तरांनी?’

बाबांनी प्रेमानं तिच्याकडे बघितलं. अनोळखी माणसाच्या मुलीकडे बघावं तसं.

‘तो निघालाय म्हणाले,’ बाबा म्हणाले. ‘संध्याकाळपर्यंत पोचेल.’

५

सेट पुन्हा उभा राहिला. तेच टेबल, तीच खिडकी, खिडकीमागे तोच दिवा. ताईनं स्वतः बटण तपासलं आणि त्याच्यापाशी कोणी फिरकायचं नाही असं बजावलं. बाबांना आणलं तर ते भराभर चालत गेले, कित्येक दिवसांत असे चालले नव्हते. खुर्चीत बसले, चिमटा उचलला, आणि सुटकेचा श्वास सोडला. आई ताईच्या मागे स्टुलावर बसली होती. तिनं घरी राहायचं साफ नाकारलं होतं.

‘क्लॅप कितवा लिहू?’ सहायकानं विचारलं.

‘क्लॅप नको. क्लॅप झालाय.’

‘आणि ॲक्शन?’

‘तेही झालंय. नुसता कॅमेरा चालू करा.’

लोकांनी एकमेकांकडे बघितलं, पण मास्तरांचा सिनेमा म्हणून कोणी हूं की चूं केलं नाही. ताई मास्तरांच्या खुर्चीत बसली. खुर्ची खोल होती, आत ओढून घेणारी. आता शॉट माझा, असं तिनं मनाशी म्हटलं.

लगेच कट म्हणता आलं असतं. तिनं तसं ठरवलंही होतं. पण बाबांकडे बघता बघता तिची जीभ उचलेना. ते किती सुखात दिसत होते! हे चाललं पाहिजे आणखी थोडं, असं तिला वाटलं, आणि मास्तरांना जन्मभर काय वाटत असेल ते पहिल्यांदा कळलं.

खिडकीतलं ऊन पिवळं झालं.

दिव्यापाशी कोणी नव्हतं. ताई त्या बाजूला बघतच होती. पिवळ्याचं तांबूस झालं, टेबलाच्या सावल्या बाबांच्या पावलांवरून दाराकडे सरकल्या. साउंडवाल्यानं हेडफोनवर हात दाबून ताईकडे बघितलं आणि भुवया वर केल्या. मग हेडफोनची गरजच उरली नाही. सगळ्यांनाच ऐकू यायला लागलं. दारावर बोटं. आगगाडी निघाली, वेग घेऊ लागली.

बाबा उठले. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते सांगता येणार नाही. ताईनं त्यांना आयुष्यात तसं कधी बघितलं नव्हतं, तिच्या स्वतःच्या लग्नातही नाही. दाराची मूठ फिरायला लागली होती.

मागून आईनं ताईचा दंड धरला. बोटं रुतली. ‘थांब,’ ती कुजबुजली. ‘थांब गं. एकदा बघू दे.’

बाबा दाराकडे एक पाऊल गेले. दोन्ही हात पुढे केलेले, सदऱ्यातून मनगटं काड्यांसारखी बाहेर आलेली. ती मनगटं बघितली आणि ताईला एकदम कळलं, दार उघडलं तर हे त्याच्याबरोबर जातील.

‘कट,’ ती म्हणाली. ओरडली नाही. हळूच म्हणाली.

मूठ थांबली. खिडकीत पुन्हा पांढरं ऊन होतं. बाबा सेटच्या मधोमध उभे होते, पुढे केलेल्या हातांकडे बघत. मग त्यांनी वळून विचारलं, ‘चहा मिळेल का कोणाला सांगून? साखर नीट घाला म्हणावं, हिच्यासारखी मोजून नको.’

आई रडतच त्यांच्या अंगावर धावून गेली.

६

युनिटमध्ये आनंदीआनंद झाला. निर्मात्यांनी ताईचे हात हातात घेतले. बाबा टेबलावर बसून पाय हलवत चहा प्यायले, कॅमेरावाल्याची टिंगल केली, मास्तर गेल्याचं कळलं तेव्हा हमसून रडले. मधले दिवस त्यांना काही आठवत नव्हते.

सगळं आवरून निघताना ताई सेटच्या मागे गेली. नियम तो नियम. दारामागे प्लायवूडचे तुकडे, वायरींची भेंडोळी, कोणीतरी विसरलेला हातमोजा. माणूस कोणी नव्हता. मोकळ्या हवेला उद्देशून ‘संपलं, घरी जा’ म्हणायचं तिला हसू आलं. न म्हणताच ती परतली.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी तिघं दुपारी जेवायला बसली. बाबांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. गाल अजून भरले नव्हते, पण भरतील असं वाटत होतं. आईची आणि त्यांची मिठावरून चांगली जुंपली होती आणि ताई ते ऐकत सुखानं जेवत होती.

दारावर बोटं वाजली.

आधी सावकाश, मग थोडी भरभर.

कोणी घास उचलला नाही. ताईनं दाराकडे बघितलं. बाहेर टळटळीत दुपार होती, खिडकीवाटे ऊन टेबलावर आलं होतं. दाराखालच्या फटीतून मात्र तांबूस उजेड आत पसरला होता, आणि त्यात दोन पावलांच्या सावल्या होत्या.

‘त्याला कोणी सांगितलं नाही वाटतं,’ बाबा म्हणाले. आवाज त्यांचाच होता, घड्याळजीचा नाही. ‘शॉट संपला म्हणून.’

आईनं बसल्या जागेवरून हात लांबवून मागच्या मांडणीवरचं चौथं ताट घेतलं होतं. ते तिनं टेबलावर ठेवलं आणि उठायला लागली. तिच्यामागे बाबाही उठायला लागले, दोन्ही हात पुढे करत. ताईला ती मनगटं दिसली. ती दोघांच्या आधी दाराशी पोचली, दाराला पाठ लावून उभी राहिली, आणि अशा वेळी सांगायचं ते एकच वाक्य तिला येत होतं.

‘दादा,’ ती म्हणाली, ‘संपलं केव्हाच. घरी जा.’

बोटं थांबली. दाराच्या पलीकडे कोणीतरी बराच वेळ तसंच उभं राहिलं. मग सावल्या हलल्या, फटीतला उजेड विझला, पावलं जिना उतरत गेली. वाचवलं, तिनं मनात म्हटलं. बाबांना वाचवलं.

खालच्या मजल्यावर पावलं थांबली. तिथल्या दारावर बोटं वाजली. आगगाडी सुरू झाली, बंद पडली. पलीकडचं दार. पुन्हा तेच. मग त्याच्या खालचा मजला. प्रत्येक दाराशी थोडं थांबून, मोठ्या आशेनं.

‘घर सापडत नाहीये त्याला,’ आई म्हणाली.

फार खाली कुठंतरी एक दार उघडलं. एका बाईचा आवाज आला, कोण हवंय म्हणून विचारणारा. मग तो आवाज एकदम मऊ झाला. ‘अरे, आलास होय? ये, ये आत,’ असं काहीसं ऐकू आलं, आणि दार लागलं.

आईनं चौथं ताट उचललं, पदरानं पुसलं आणि जागेवर ठेवून दिलं. बाबा जेवायला बसले. त्यांनी बसताना खुर्ची थोडी फिरवून घेतली, दाराकडे.

‘बाबा, कट,’ ताई म्हणाली. ‘कट झालाय.’

‘ऐकलं गं,’ बाबा म्हणाले. ‘आम्ही ऐकलंय.’